रजा, विश्रांती आणि सत्यशुद्ध कायक



निपाणीजवळच्या एका खेड्यात आमच्या जुन्या स्नेह्यांचे घर आहे. घरची तंबाखूची शेती. थोरली मुलगी जनरल नर्सिंगचा कोर्स करून एका मोठ्या शहरातील खाजगी रुग्णालयात नऊ वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे. गेल्या उन्हाळ्यात ती पंधरा दिवसांची हक्काची रजा घेऊन माहेरी आली होती. मी सहज भेटीला गेलो, तेव्हा घरात एक वाद चालू होता. त्या वादात पुढे मलाही बसावे लागले, आणि त्यातून जे मंथन झाले ते आपल्यापुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

आल्यावर पहिले चार दिवस ती मुलगी जवळजवळ झोपूनच होती. पाचव्या दिवशी तिने पेटीतून प्रमाणपत्रे काढली, त्यांच्या नकला करून आणल्या आणि दोन-तीन ठिकाणी नोकरीसाठी अर्ज लिहायला बसली. हे पाहून तिचे वडील अस्वस्थ झाले. ते सरळमार्गी, रोज लिंगपूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणारे गृहस्थ. मला म्हणाले, "तुम्हीच सांगा. ज्यांचं मीठ खातो, त्यांच्याच पगारी रजेत दुसऱ्याचं दार शोधायचं, हे सत्यशुद्ध कायक झालं का? नुलीय चंदय्यांचं इष्टलिंग गळून पडलं, तरी त्यांनी हातातलं काम सोडलं नाही. आणि ही चार-चार दिवस झोपते!"

मुलगी खाली मान घालून म्हणाली, "आप्पा, मी कामाला कंटाळले नाही. तिथं काम नीट करता येत नाही, म्हणून शोधते आहे."

बापलेकीच्या या दोन वाक्यांत तीन प्रश्न दडलेले आहेत. कायकाचे व्रत घेतलेल्याने विश्रांती घ्यावी का? एका धन्याने दिलेल्या रजेत दुसरे काम शोधणे हा द्रोह आहे का? आणि काम बदलणे म्हणजे कायक सोडणे आहे का? आज आपल्या समाजातील कितीतरी मुली आणि मुलगेही परिचर्येच्या क्षेत्रात आहेत. त्यांच्यासाठी हे प्रश्न पोथीतले नाहीत, रोजच्या भाकरीचे आहेत.

चंदय्यांचा दाखला

प्रथम आप्पांनी दिलेल्या दाखल्याकडे पाहू. नुलीय चंदय्या हे दोर वळणारे शरण. गवत कापीत असता त्यांच्या अंगावरचे इष्टलिंग गळून पडले, पण त्यांनी विळा थांबवला नाही, अशी कथा आहे. कायक लिंगालाही चुकत नाही, हे तिचे तात्पर्य. पण ही कथा आजच्या नोकरीला लावताना एक गोष्ट आपण विसरतो. चंदय्यांचे गवत त्यांनी स्वतः कापलेले, दोर त्यांनीच वळलेला, बाजारात नेऊन विकलेलाही त्यांनीच, आणि त्या मोलातून दासोह करणारेही तेच. किती तास वळायचे आणि केव्हा हात धुवायचे, हे त्यांना कोणी कागदावर लिहून देत नव्हते. दोर कच्चा झाला तर तो आपल्याच हातून कच्चा झाला, हे जाणण्याइतके स्वातंत्र्य त्यांच्याजवळ होते.

आजची परिचारिका मात्र दुसऱ्याने आखलेल्या तक्त्यावर काम करते. सकाळची पाळी, दुपारची पाळी आणि रात्रीची लांब पाळी. त्यात एखादी बहीण आली नाही की 'डबल ड्यूटी'. किती रुग्ण आपल्या वाट्याला यावेत, हे तिच्या हाती नसते. म्हणून चंदय्यांची निष्ठा तिने जरूर घ्यावी, पण चंदय्यांचे स्वातंत्र्य तिच्यापाशी आहे असे धरून तिचा न्याय करू नये.

शरणचरित्रात दोन्ही बाजूंचे इशारे आहेत. आयदक्की मारय्या अल्लमप्रभूंशी तत्त्वचर्चेत इतके रंगले की तांदूळ वेचायला जायचे विसरले. तेव्हा त्यांच्या धर्मपत्नी लक्कम्मा यांनी येऊन त्यांना कायकाची आठवण करून दिली. ही एक बाजू झाली. दुसरी बाजू आपल्या सोलापूरची आहे. सिद्धरामेश्वर तळे खोदण्याच्या आणि देवालये उभारण्याच्या लोकोपयोगी कामात बुडालेले असता अल्लमप्रभू तेथे आले आणि बाहेरच्या बांधकामातून त्यांची दृष्टी आत वळवली, असे शून्यसंपादनेत सांगितले आहे. तळे खोदणे हे का वाईट काम होते? मुळीच नाही. पण चांगले कामही माणसाला स्वतःपासून दूर नेऊ शकते, हे अल्लमांनी पाहिले. जो बोलण्यात हरवला त्याला लक्कम्मा कामाकडे बोलावतात. जो कामात हरवला त्याला अल्लमप्रभू आत बोलावतात. आपल्या घरात आज कोणता इशारा लागू आहे, हे ज्याचे त्याने ओळखायचे असते. आप्पांना लक्कम्मा आठवत होत्या. मुलीला अल्लमांची गरज होती.

थकलेला हात

मुलीने मग एक प्रसंग सांगितला. तो ऐकून आप्पाही गप्प झाले. रात्रपाळीची सलग सहावी रात्र, आणि त्यातच आदल्या दिवशी डबल ड्यूटी झालेली. पहाटे चारच्या सुमारास एका मधुमेही रुग्णाला इन्सुलिन द्यायचे होते. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींचे मिळते: एका मिलिलिटरला 40 युनिटचे आणि 100 युनिटचे. दोहोंच्या सिरिंजही वेगळ्या. 40 ची लाल टोपणाची, 100 ची नारिंगी टोपणाची. बाटली 100 ची होती आणि तिच्या हातात लाल टोपणाची सिरिंज आली. तसे टोचले असते तर रुग्णाला अडीचपट औषध गेले असते. साखर एकदम उतरून तो झोपेतच बेशुद्ध झाला असता. सुदैवाने बाटलीवरचे लेबल दुसऱ्यांदा वाचायची तिची सवय होती. सिरिंज तिने टाकून दिली, आणि सकाळी घरी जाऊन ती रडली. तिने पंधरा दिवसांची रजा मागितली ती त्या दिवशी.

वाचकहो, या मुलीच्या मनात खोट नव्हती, ज्ञानातही उणेपण नव्हते. खोट थकव्यात होती. सत्यशुद्ध कायक याचा अर्थ आपण बहुधा 'पैशाचा अपहार नाही, कामचुकारपणा नाही' एवढाच घेतो. पण ज्या हातात दुसऱ्याचा जीव असतो, त्या हाताची शुद्धी झोपेवरही अवलंबून असते. थकलेल्या शेतकऱ्याची सरी वाकडी होते, ती उद्या नीट करता येते. थकलेल्या परिचारिकेची चूक दुरुस्त करायला उद्याचा दिवस मिळेलच असे नाही. म्हणून तिच्या बाबतीत विश्रांती ही चैन नाही. विळ्याला धार लावणे हा जसा गवत कापण्याचाच भाग आहे, तशी विश्रांती हा तिच्या कायकाचाच भाग आहे.

आणखी एक गोष्ट तिने हळूच सांगितली. पाळ्या बदलत राहिल्यामुळे कित्येक महिन्यांत तिला स्वस्थ चित्ताने लिंगपूजेला बसता आले नव्हते. इष्टलिंग करतळावर घेतले की डोळे मिटत, ते ध्यानाने नव्हे, झोपेने. काया हे देवालय आहे असे आपण आवडीने सांगतो. त्या देवालयात दिवा लावायलाही तेल लागते, हे सांगायचे मात्र राहून जाते.

मीठ कोणाचे?

आता आप्पांचा मुख्य आक्षेप. पगारी रजा हे धन्याचे मीठ आहे का?

हक्काची रजा ही कोणी दिलेली देणगी नाही. वर्षभर केलेल्या कामातून ती दिवसादिवसाने साठते. म्हणूनच तिला अर्जित रजा म्हणतात. 1977 साली आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने परिचारिकांसाठी स्वतंत्र करार केला, त्यातही साप्ताहिक विश्रांती आणि पगारी वार्षिक रजा यांचा उल्लेख आहे. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने रुग्णालयांसाठी जे प्रमाण सांगितले, त्यात अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात 3 रुग्णांमागे 1 परिचारिका धरली आहे, आणि त्या संख्येवर आणखी 30 टक्के जागा रजेसाठी राखीव म्हणून धरल्या आहेत. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. परिचारिका रजेवर जाणारच, हे गृहीत धरून तिच्या जागी उभी राहणारी माणसे हिशेबात अगोदरच मांडलेली आहेत. ती माणसे प्रत्यक्षात नेमली गेली नाहीत, तर तो दोष रजेवर गेलेल्या मुलीच्या माथी कसा मारावा?

तरीही एक काटा उरतोच. मुलगी म्हणाली, "काका, नियम काही सांगो. माझ्या जागी माझी मैत्रीण डबल ड्यूटी करते आहे, हे मला झोपेतही आठवतं." ही टोचणी खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. पण तिचे उत्तर रजा न घेणे हे नाही. रजा महिनाभर अगोदर सांगून घ्यावी, सणावाराला सगळ्यांनी एकदम मागू नये, आणि मैत्रिणीची पाळी येईल तेव्हा तिच्या जागी आपण आनंदाने उभे राहावे. 2020 आणि 2021 च्या महामारीत अनेक रुग्णालयांत रजा बंद झाल्या, तेव्हा परिचारिकांनी एकमेकींना असेच सांभाळले. सहकाऱ्याला विसावा मिळवून देणे हाही एक दासोहच आहे.

रजा आपली ठरली, तर त्या रजेतील वेळही आपला. त्या वेळात कोणी यात्रेला जातो, कोणी घर शाकारतो, कोणी मुलीचे लग्न उरकतो. मग कोणी आपल्या कायकासाठी अधिक योग्य जागा शोधली, तर त्यात द्रोह कोठून आला? मीठ म्हणायचेच असेल तर ते रुग्णांचे आहे. त्याची फेड रुग्णाची सेवा नीट करून होते, एकाच इमारतीत आयुष्य काढून नव्हे.

काम बदलणे म्हणजे कायक सोडणे, हेही खरे नाही. शरणांनी कायक जन्माला बांधले नाही, तसे ते गावालाही बांधले नाही. महात्मा बसवेश्वर मंगळवेढ्यास बिज्जलाच्या पदरी हिशेबाचे काम करीत होते, पुढे कल्याणला गेले, असे परंपरा सांगते. मोळिगे मारय्या तर राज्य सोडून कल्याणात लाकडाच्या मोळ्या विकू लागले. शरणसमुदायात वैद्य संगण्णांसारखे रोग्यांची सेवा करणारेही होते. रोग्याची सेवा हे कायक. ते बेळगावात केले, कोल्हापुरात केले की पणजीत, त्याने त्याचे नाव बदलत नाही.

लक्कम्मांचा तराजू

मग सगळेच मोकळे, असे समजू नये. येथे पुन्हा लक्कम्मांकडेच यावे लागते. मारय्यांनी एके दिवशी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ वेचून आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते जास्तीचे तांदूळ परत टाकून यायला लावले. ते तांदूळ चोरीचे नव्हते, जमिनीवर सांडलेलेच होते. तरी गरजेपेक्षा आणि हक्कापेक्षा अधिक म्हणून ते नाकारले. नोकरी शोधणाऱ्याने हा तराजू हातात धरावा.

आजारी नसता वैद्यकीय दाखला देऊन मुलाखतीला जाणे, हे जास्तीचे तांदूळ. हक्काची रजा संपली असेल तर बिनपगारी मागावी. वॉर्डात रुग्ण हाक मारीत असता कोपऱ्यात उभे राहून नव्या नोकरीचे फोन करणे, हे जास्तीचे तांदूळ. दोन वर्षांचा अनुभव असता अर्जात चार लिहिणे, हेही तेच. नवी जागा मिळताच ठरलेली मुदत न पाळता एका रात्रीत निघून जाणे, आणि मागे राहिलेल्यांना रुग्णांचा नीट चार्ज न देणे, हे तर सांडलेले नव्हे, दुसऱ्याच्या ताटातले तांदूळ आहेत.

"पण कोणी विचारलं, तू दुसरीकडे बघते आहेस का, तर?" मुलीने विचारले. हा नाजूक प्रश्न आहे. न विचारता आपले मनोगत सांगत सुटण्याचे बंधन कोणावर नाही; मौन म्हणजे असत्य नव्हे. पण समोरून सरळ विचारले असता 'नाही' म्हणणे हे असत्य आहे. भीती वाटत असेल तर "अजून काही ठरलेले नाही, ठरले की सर्वांआधी तुम्हाला सांगेन" असे म्हणता येते, आणि मग तसे वागावेही लागते.

हा तराजू एकतर्फी नाही. परिचारिकेची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे, जादा तासांचा मोबदला न देणे, रजा मागितली की कामावरून काढण्याचा धाक दाखवणे, हे धन्याच्या घरातले जास्तीचे तांदूळ आहेत. आपल्या समाजातही दवाखाने आणि शिक्षणसंस्था चालवणारे सज्जन पुष्कळ आहेत. दासोहाचे नाव घेणाऱ्यांनी आपल्या दारात राबणाऱ्या मुलींच्या झोपेचाही हिशेब ठेवावा, एवढी विनंती या निमित्ताने करावीशी वाटते.

आधी विसावा, मग शोध

शोध कसा करावा, याविषयी दोन शब्द. त्या मुलीने नकळत योग्य क्रम धरला होता: आधी झोपली, मग पेटी उघडली. थकलेल्या मनाला प्रत्येक दार सुटकेचे दिसते. अशा मनाने केलेली निवड ही निवड नसते, ते पळणे असते. आणि पळणारा मनुष्य एका आगीतून दुसऱ्या फुफाट्यात पडतो. म्हणून रजेचे पहिले काही दिवस अर्जाचा कागदही हाती घेऊ नये. पोटभर झोपावे, घरचे गरम जेवण जेवावे, सकाळी स्वस्थ बसून लिंगपूजा करावी. शरीर शांत झाल्यावरही 'ती जागा नको' असेच मन सांगत असेल, तर ते मनाचे बोलणे आहे. विसावा मिळताच तक्रार विरघळली, तर दोष जागेचा नव्हता, थकव्याचा होता, हे कळेल आणि एक चुकीचे पाऊल वाचेल.

शोधताना पगार विचारण्यात लाज बाळगू नये. द्रव्य शुद्ध मार्गाने मिळवणे हे कायकात बसते. त्याशिवाय दासोह कशाने करणार? खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या तुटपुंज्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा 29 जानेवारी 2016 रोजी न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीने 200 हून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयात राज्य सरकारी परिचारिकेइतके, आणि 50 हून कमी खाटांच्या ठिकाणीही निदान 20,000 रुपये मासिक वेतन असावे, अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, हे ध्यानात ठेवूनच बोलणी करावीत. पण आपली मागणी अवाजवी नाही, एवढा आधार तिच्यात आहे.

मात्र पगाराआधी दुसरे प्रश्न विचारावेत. एका पाळीत एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात? सलग किती रात्री कराव्या लागतात? साप्ताहिक सुट्टी खरोखर मिळते का? या प्रश्नांची उत्तरे कार्यालयात नव्हे, तेथे काम करणाऱ्या बहिणींकडून घ्यावीत. आपण सीमाभागातील लोक; कर्नाटकात नोंदणी असलेल्या परिचारिकेला महाराष्ट्रात काम करायचे तर तेथील परिचर्या परिषदेकडे नोंदणी करून घ्यावी लागते. तो कागद आधी पाहावा. आखाती देशांकडे नजर असेल तर दलालाच्या गोड बोलण्यावर जाऊ नये. 2015 पासून अशा 18 देशांत परिचारिका म्हणून जाण्यासाठी सरकारच्या परवानगीची वाट ठरवून दिलेली आहे, आणि नोंदणीकृत मध्यस्थालाही सेवाशुल्क म्हणून कर वगळता 30,000 रुपयांहून अधिक घेता येत नाही. शेत गहाण ठेवून लाखोंनी पैसे मागणारा मनुष्य नोकरी विकत नसतो, आपली गरज विकत घेत असतो.

त्या मुलीची रजा संपली आणि ती ठरल्या दिवशी कामावर हजर झाली. मॅट्रनबाईंनी सहज विचारले, "काय केलंस रजेत?" ती म्हणाली, "चार दिवस झोपले, आणि दोन ठिकाणी अर्ज केले." मॅट्रनबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "जाताना मला आधी सांग, तुझ्या जागी माणूस बघावं लागेल." एवढेच. नवी जागा अजून मिळालेली नाही. तोवर ती त्याच वॉर्डात, त्याच रुग्णांपाशी, लेबल दोनदा वाचून सुई देते आहे. जागा शोधणे आणि हातातले काम मनापासून करणे या दोन गोष्टी एका वेळी होऊ शकतात, हे तिने आम्हाला दाखवले.

आणि आप्पा? रजेच्या अखेरच्या दुपारी मी निरोप घ्यायला गेलो, तेव्हा मुलगी आत झोपली होती. आप्पा दारातच उभे होते. ओठांवर बोट ठेवून मला म्हणाले, "हळू बोला. रात्रीची गाडी आहे तिची. झोपू दे जरा."

कायकाचा महिमा त्यांना त्या दिवशी कमी कळला होता, असे मला वाटत नाही. कदाचित जास्तच कळला होता.

शरणु शरणार्थी.